विहीणबाई जेवंनात

आमच्या पेठेत माझ्याइतकं खाणारी बाई झाली नाही आणि आता होईल असंही मला वाटत नाही. हे मी मान वर करून सांगते. एका बारशाच्या जेवणात आचारी भटारखान्यातून बाहेर आला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि हात जोडून म्हणाला, “वैनी, तुमच्या मागं अजून किती पंगती हायत?” मागं कुणीच नव्हतं. मीच होते ती पंगत.

त्यात माझा धंदा मिरचीचा. मिरची कांडायचं यंत्र, म्हणजे डंक, आहे माझा. उन्हाळ्यात अर्धं कोल्हापूर वर्षाची चटणी कांडून घ्यायला माझ्या दारात पोती घेऊन उभं असतं आणि आत लोखंडी मुसळं दणादणा आपटत असतात. त्या दणक्यावर आवाज चढवून चढवून माझा गळा असा झालाय, की मी घरात “मीठ आण” म्हटलं तर रंकाळ्यावरचे बगळे उडतात. मिरचीच्या खकाण्यानं गिऱ्हाइकं रस्त्यापलीकडं जाऊन शिंकायची. मी आत उभी, नाकाला पदर न लावता. मला शिंक येत नाही, हे बघायला शाळेची पोरं यायची.

मग गुडघे गेले. साखर आली. रात्री झोपेत माझा श्वास थांबायचा आणि मालक मला गदागदा हलवून उठवायचे. वजनाचा आकडा मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की मी हात केला की रिक्षावाला थांबायचा आणि शेजारच्या रिक्षावाल्यालाही हाक मारायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मावशी, हे गुडघ्याचं दुखणं नाही, जिवाचं आहे.” तेव्हा मी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. दुर्बिणीतून, बारीक भोकं पाडून. पोटाची बहुतेक पिशवी कापून टाकली आणि केळाएवढी ठेवली. इतकं मोठं संस्थान एका दुपारीत खालसा झालं.

मालकांचं म्हणणं पडलं, की हे कुणाला सांगायचं नाही. लेकीच्या लग्नाचं बघत होतो ना! याआधी एक स्थळ चांगलं जमत आलं होतं, तेव्हा तिकडच्या माणसांनी मध्यस्थाला उघड विचारलं, “पोरगी पुढं आईवर तर जाणार न्हाई?” ते मध्यस्थानं मला सांगितलं. मी हसले. डंक सुरू करून मोठ्यानं हसले, म्हणजे बाकीचं काही कुणाला ऐकू जाऊ नये. तर मालकांनी माझा आजार लपवायचं मनावर घेतलं आणि थोरल्या दिरांना हर्निया सांगितला, माझ्या मावसबहिणीला पित्ताचे खडे आणि शेजारणीला अपेंडिक्स. तिघं एकाच दिवशी भेटायला आली. जिन्यात एकमेकांशी बोलली. वर आली तेव्हा त्यांच्या हिशेबानं माझ्या पोटात आता नुसती हवा शिल्लक होती.

आणि ती होती! ऑपरेशनच्या वेळी पोटात हवा भरतात. ती जायच्या आधी खांद्यात चढून बसते. पोट कापलं आणि दुखतो खांदा! मी अंगणातून येरझाऱ्या घालत होते, खांद्याला शिव्या देत होते, आणि भेटायला आलेली माणसं शहाळी ठेवून जात होती. शहाळ्यांचा ढीग इतका झाला, की कोपऱ्यावरचा शहाळेवाला एकदा चौकशी करून गेला, धंदा घालताय काय म्हणून.

मला पाणी मिळायचं औषधाच्या टोपणानं. टोपणभर घ्यायचं, तेही घोट घोट, गटकन न्हाई. जी बाई जन्मभर तांब्या वर धरून पाणी प्याली, तिनं टोपण चाटत बसायचं! एकदा मी विसरून दोन घोट जोरात घेतले, तर छातीत कुणीतरी मोळीभर ऊस उभा केल्यासारखं झालं. फोडणीचा वास आला की डोळ्यांत पाणी यायचं. मालकांनी माझ्यासाठी घरात पापड भाजणं बंद केलं आणि गच्चीवर जाऊन खायला लागले. मला खालून कुडूम ऐकू यायचं. संसारात इतका राग मला कधी आला नव्हता.

एवढं करून मध्येच वजनाचा काटा अडला. आधी भराभर उतरला आणि मग ढिम्म. मला खात्री झाली, की जगात हे ऑपरेशन ज्या एका बाईला लागू पडायचं नव्हतं ती मीच. दवाखान्यातल्या आहाराचं सांगणाऱ्या पोरीला फोन लावला.

“काकू, होतं असं. शरीर थोडं थांबतं आणि मग परत सुरू होतं.”

“अगं, पण मी काही खातच नाही. थांबलंय ते कशाच्या जिवावर?”

ती हसली. मी फोन ठेवला आणि रडले. ते कुणाला सांगू नका.

कुस्करलेला वरणभात सुरू झाला तेव्हा आणखी एक नवल कळलं. चार चमचे पोटात गेले की मला शिंक यायची. मला! मिरचीच्या ढगात उभं राहिलेल्या बाईला बिनतिखटाच्या वरणानं शिंक! दवाखान्यातली ती पोरगी म्हणाली, “पोट भरल्याची खूण आहे ती. कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक गळतं, तुम्हाला शिंक येते. शिंक आली की चमचा खाली. एक घाससुद्धा जास्त नको. आतली शिवण अजून कोवळी आहे, ती उसवली तर जिवावर बेतेल. आणि गोड तर अजिबात नाही.”

नेमकी त्याच दिवसांत लेकीची सुपारी फोडायची ठरली.

स्थळ कोडोलीचं, घर शेतीवाडीचं. मुलगा कागलकडं एका कारखान्यात इंजिनिअर. हे स्थळ आपण शोधलं असं मालक आजही समजतात. खरं म्हणजे पोरांचं आधीच जमलं होतं. लेकीनं मला सांगितलं, मी मालकांच्या मित्राला सांगितलं, मित्रानं मालकांना सुचवलं, आणि मालक महिनाभर छाती काढून पेठेतून फिरले. पुढं बरेच दिवस मुहूर्त नव्हता, तेव्हा मागंपुढं करायची सोय नव्हती. लेक कामात डोकं घालून असायची. पण मला दिसत होतं, की हे मोडलं तर पोरीचं काय होईल.

मालकांनी बेत आखला. माझ्या शेजारी धाकटी जाऊ बसेल. ती दिसायला वाळकी काडी, पण जेवायला लागली की मळणी यंत्र. मी ताटात कालवाकालव करायची आणि कुणाचं लक्ष नसताना तिनं माझं ताट साफ करायचं.

थोरले दीर, मावसबहीण, शेजारीण अशी सगळी मिळून कोडोलीत गेलो आणि बेत उंबऱ्यावरच मोडला. मुलीची आई म्हणून मला मान! घराच्या पुढच्या सोप्यात मधोमध एकटीला खुर्ची, पुढं उंच चौरंग, भोवती रांगोळी. जावेला नेऊन बसवलं पार त्या टोकाला. ती तिथून माझ्याकडं अशी बघत होती, जशी नदीपलीकडची म्हैस वैरणीकडं बघते.

मुहूर्त दुपारनंतरचा होता, म्हणून जेवणं आधी. आणि वाढायला मुलाचे चुलते. हे चुलते म्हणजे पंचक्रोशीत नाव काढलेले वाढपी. ढाण्या मिशा, बाह्या वर, हातात पुरणपोळ्यांची अशी चवड, की मला त्यांचा चेहरा बराच वेळ दिसलाच नाही. माझं ताट चांदीचं होतं की पितळेचं ते मला आजही माहीत नाही, कारण पहिल्याच पोळीनं ते सगळं झाकलं. त्यावर तूप. शेजारी दुधाचा वाडगा.

“करा सुरुवात, विहीणबाई. आमच्यात पावण्याला जेवून चालत घरी जाऊ देत न्हाईत. उचलून न्यायला लागतंय.”

मी पोळीची कड उचलली, खालून चमचाभर भात ओढला, त्यावर वरण घेतलं, चमच्यानं कुस्करलं आणि तोंडात घातलं. आता डॉक्टरीणबाईंची शिकवण अशी, की घास तोंडात पार पाणी होईपर्यंत चावायचा आणि तोवर बोलायचं नाही. मी चावत बसले.

चुलते थांबले. “पोळी घ्या की वो.”

मी चावत होते. मान हलवली.

“का? काय चुकलं का आमचं?”

घास अजून तोंडात. मी नुसती बघत राहिले. आणि तुम्हाला म्हणून सांगते, इतकं मोठं तोंड असलेली बाई गप्प बसून नुसती बघायला लागली, की समोरच्याला घाम फुटतो. चुलत्यांच्या हातातली चवड हलली. ते आत गेले. आतून कुजबुज ऐकू आली. “विहीणबाई जेवंनात.” “का?” “रुसल्यात.” “कशावर?” “कळलं असंल काय तरी.”

आमच्याकडं पंगतीत न जेवणारा पावणा म्हणजे आजारी नव्हे. तो रुसलेला. त्याच्या मनात काहीतरी आहे, आणि ते काढून घेतल्याशिवाय कार्य पुढं जात नाही.

मुलाची आई बाहेर आली. पदर सावरत माझ्याजवळ वाकली. मी दुसरा चमचा नुकताच तोंडात घातलेला.

“विहीणबाई, चष्म्याचं कळलं असंल तुम्हाला. पोराला चष्मा हाय. फोटो काढताना काढून ठेवला हुता. फोटोवाल्यानंच सांगितलं.”

मी चावत होते.

“नंबर जास्त न्हाई,” ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघून, “म्हंजे हाय थोडा.”

ती गेली आणि चुलते परत आले. या खेपेला हातात पोळ्या नव्हत्या. “हे बघा, लपवाछपवी आमच्यात न्हाई. पोरगं एका वर्षी नापास झालंय. गणितात. पण पुढच्या वर्षी असं निघालं, की मास्तर घरी आलं हुतं.”

तिसरा चमचा. मी डोळे मिटले, कारण शांत मनानं चावावं असंही दवाखान्यातल्या त्या पोरीनं सांगितलं होतं.

“विहिरीचं म्हणताय व्हय?” चुलत्यांचा आवाज बसला. “भावकीचा वाद हुता, मिटलाय तो. कोर्टात तारीख हाय, पण मिटल्यातच जमा.”

पलीकडच्या पंगतीतून मुलाची आत्या उठून आली आणि आपणहून सांगून गेली, की आमच्या घरात पुरुषांचे केस लवकर जातात, पण माणसं सोन्यासारखी आहेत. मी एक शब्द विचारला नव्हता. मला तर वाटायला लागलं, की असा चमचा घेऊन पोलीस ठाण्यात बसले तर जिल्ह्यातल्या सगळ्या चोऱ्या आठवड्यात उघडकीला येतील.

चौथा चमचा गिळला आणि शिंक आली.

साधी शिंक नव्हती ती. डंकवाल्या बाईची आयुष्यभर साठवलेली शिंक. सोप्यातला पंखा एक फेरा उलटा फिरला. सगळी पंगत घास हातात धरून थांबली. सुपारी फुटायच्या आधी शिंक, तीही मुलीच्या आईची!

“एकच आली का दोन?” आत्यानं विचारलं. दोन आल्या तर चालतं, एक म्हणजे अपशकुन.

एकच होती.

मुलाचे वडील तोवर कोपऱ्यात गप्प जेवत होते. ते उठले. ताटात पाणी सोडलं. “पावणं,” ते आमच्या मालकांना म्हणाले, “पोरगी द्यायची नसंल तर सरळ सांगा की. आमच्या दारात येऊन ताटाला पाठ करायची, ही काय रीत? आमचं सगळं घर एकेक करून समोर येऊन कबूल झालं, तरी बाईचा शब्द न्हाई. वर शिंक. ऱ्हाऊ दे. सुपारी ऱ्हाऊ दे.”

मालक लगबगीनं माझ्याजवळ आले, चेहरा पांढरा. कानात म्हणाले, “एक घास खा. एकच. लेकीसाठी.”

आता इथं मला खरं सांगू दे. माझा हात गेला. पोळीचा तुकडा मी मोडलासुद्धा. तूप बोटांवर आलं. मी मनात म्हटलं, फाटली शिवण तर फाटली. पोरीचं घर तर उभं राहील. मालकांनाही मी दोष देत नाही, त्या माणसाला त्या घडीला दुसरं काही सुचलं नसतं.

लेक समोर बायकांच्यात बसली होती, हिरव्या साडीत. तिचे डोळे भरले होते. सुपारी मोडायला लागलेली तिनं ऐकली होती आणि माझ्या हातातला तुकडाही बघितला होता. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली. नको.

मी तुकडा खाली ठेवला आणि उभी राहिले.

“ऐका हो सगळी!” डंक चालू असताना मी ज्या आवाजात बोलते त्या आवाजात म्हणाले. मागच्या गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या असं नंतर कळलं. “मी रुसले नाही. माझं पोट डॉक्टरांनी कापलंय. होतं त्यातलं एवढंसं ठेवलंय, केळाएवढं. लठ्ठपणाचं ऑपरेशन म्हणतात त्याला. हर्निया न्हाई, अपेंडिक्स न्हाई, खडे न्हाईत. मी मरायला टेकले होते आणि आता जगायला लागलेय. चार चमचे वरणभात, एवढंच माझं जेवण. ते मी तुमच्या दारात पोटभर जेवलेय. पोळी खाल्ली तर इथून मला उचलून न्यायला लागेल, पण घरी न्हाई, दवाखान्यात. आणि ती शिंक म्हणजे अपशकुन न्हाई. माझं पोट भरलं की मला शिंक येते. तुमच्या अन्नानं पोट भरलं, याची पावती आहे ती! ज्याला हे पटत नाही त्यानं आताच सांगावं. माझी लेक माझ्यावर गेलीय. आणि ती गेलीय याचा मला अभिमान आहे.”

दिरांनी, मावसबहिणीनं आणि शेजारणीनं एकदमच मालकांकडं बघितलं. मालक छताकडं.

चुलत्यांनी आधी तोंड उघडलं. “म्हंजे तुम्ही रुसला न्हाईसा?”

“रुसायला पोटात जागा पाहिजे की!”

“अन् आम्ही ते विहिरीचं, नापासाचं उगंचच सांगितलं?”

“चष्म्याचंही,” मी म्हटलं.

पहिल्यांदा मुलाचे वडील हसले. त्यांच्या रागावलेल्या चेहऱ्यावरचं हसू खरं वाटेना म्हणून बाकीचे थोडे थांबले आणि मग सगळा सोपा गदागदा हसायला लागला. मी म्हटलं, तुमचं झालं, आता आमचं ऐका. लेकीला भाकरी गोल येत नाही, कर्नाटकाचा नकाशा येतो. सकाळी तिला उठवायला तोफ लागते. आणि तिचे वडील घोरतात, पाहुणे आले की जास्त. आमच्याकडं विहीर नाही, नाहीतर तिचाही वाद सांगितला असता.

“ते सगळं ठीक हाय,” आत्या मात्र मागं हटेना. “पण शिंक एकच.”

मग मी दुसरी शिंकले. ती खरी होती की मी काढली, ते मी मालकांनाही सांगितलेलं नाही.

“दोन झाल्या!” आत्या ओरडली. “फोडा सुपारी!”

सुपारी फुटली. मुलाच्या वडिलांनी अडकित्ता हातात घेतला तेव्हा सुपारी त्यातून दोनदा निसटली, हे मी बघितलं. माणूस रागावला होता तो घाबरून. त्यांनाही ही पोरगी घरात पाहिजे होती. तोंड गोड करायला बायका पेढे घेऊन धावल्या, आणि जेमतेम तासापूर्वी माझ्या ताटात चवड ओतणारे चुलते माझ्या खुर्चीपुढं हात पसरून उभे राहिले. “मागं व्हा! विहीणबाईंच्या तोंडाजवळ कुणी पेढा न्हेला तर माझ्याशी गाठ हाय!” त्यांनी वाढण्यात जेवढं नाव कमावलं होतं, त्याहून जास्त त्या दिवशी न वाढण्यात कमावलं.

नंतर आतल्या खोलीत बायकांनी मला गाठलं. पोटावरची भोकं बघायची होती. मी पदर बाजूला करून दाखवली, एकेक. मुलाच्या आईनं जवळ वाकून बघितलं आणि हळूच म्हणाली, “एवढीशीच? अन् गुडघं? दुखायचं थांबलं?” तिचेही गुडघे सुजलेले होते. मी तिला सगळं सांगितलं. खांद्यातली हवा, टोपणाचं पाणी, अडलेला काटा, पापडाचा आवाज. सोपं आहे असं सांगितलं नाही. तिनं माझा हात धरून ठेवला होता, आणि मला वाटलं, आपली पोरगी या बाईजवळ येणार, तर बरं झालं.

आता पेठेत मी ही गोष्ट सांगते तेव्हा पोळ्या दर वेळी वाढतात. परवा सांगताना चुलत्यांनी चवड बैलगाडीतून आणली होती. शिंकेनं पंख्याचं एक पातं निखळून पडतं, गोठ्यातल्या म्हशी दावं तोडून वारणेपर्यंत जातात. मालक शेजारी बसून मान डोलावतात आणि “मीच हिला गप्प राहायला सांगितलं होतं,” म्हणतात. लोकांना काय खरं, काय खोटं याचं पडलेलं नसतं, आणि मलाही नाही.

फक्त लेकीनं मान हलवली ती मी वाढवून सांगत नाही. घर, नवरा, हिरवी साडी, सगळं हातातून चाललं होतं आणि तिनं मान हलवली. एकदा, थोडीशी. तेवढीच सांगते.